अनान्सी कथापरंपरा

अनान्सी हा पश्चिम आफ्रिकेतील आकान लोकांच्या मौखिक कथांचा नायक आहे. तो मुळात जाळे विणणारा कोळी असला तरी कथांमध्ये कधी कोळ्याच्या, कधी माणसाच्या आणि कधी दोहोंच्या मिश्र रूपात वावरतो. शरीराने दुबळा, स्वभावाने लोभी व लबाड, पण बुद्धीने अत्यंत चपळ असे त्याचे चित्रण आढळते. अटलांटिक गुलाम व्यापारात आफ्रिकेतून नेल्या गेलेल्या लोकांबरोबर या कथा कॅरिबियन बेटांवर, सुरिनाममध्ये आणि उत्तर अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर पोहोचल्या. विसाव्या शतकात कॅरिबियन स्थलांतरितांनी त्या ब्रिटन, नेदरलँड्स व कॅनडा या देशांत नेल्या. त्यामुळे अनान्सी कथा सांगणे, गाणे व रंगमंचावर सादर करणे हा आफ्रिकन व कॅरिबियन वंशाच्या लोकांना आपल्या वारशाशी जोडणारा एक महत्त्वाचा दुवा मानला जातो.

नाव

आकान भाषेतील 'अनान्से' या शब्दाचा अर्थ कोळी असा आहे. घानामध्ये या नायकाला 'क्वाकू अनान्से' असे पूर्ण नाव आहे. आकान समाजात मूल ज्या वारी जन्मते त्यावरून त्याला एक नाव दिले जाते. 'क्वाकू' हे बुधवारी जन्मलेल्या मुलाचे नाव आहे. आकान भाषेत लोककथा या संपूर्ण प्रकारालाच 'अनान्सेसेम', म्हणजे 'कोळ्याच्या गोष्टी', म्हणतात. एखाद्या कथेत कोळी नसला तरी ती अनान्सेसेमच समजली जाते.

स्थलांतरानंतर या नावाची अनेक रूपे झाली. जमैकात अनान्सी किंवा 'ब्रेडा अनान्सी' (अनान्सी भाऊ), कुरासाओ बेटावर 'नान्झी' किंवा 'कोम्पा नान्झी', तर अमेरिकेतील साउथ कॅरोलायना व जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील गला लोकांमध्ये 'आंट नॅन्सी' ही रूपे रूढ झाली. शेवटच्या रूपात केवळ ध्वनिसाम्यामुळे पुरुषपात्राचे नाव स्त्रीचे झाले. सुरिनाममध्ये या कथांना 'अनान्सी तोरी' म्हणतात.

आकान परंपरेतील स्वरूप

आकान लोकांची वस्ती प्रामुख्याने आजच्या घानामध्ये व काही प्रमाणात आयव्हरी कोस्टमध्ये आहे. असांते (अशांती) आणि फान्ते हे त्यांतील प्रमुख समूह होत. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आर. एस. रॅट्रे यांनी असांते प्रदेशात गोळा केलेल्या कथा मूळ भाषेतील पाठ व इंग्रजी भाषांतरासह इ.स. १९३० मध्ये प्रकाशित केल्या. या ग्रंथातील चित्रे गोल्ड कोस्टमधील आफ्रिकी कलावंतांनी काढली होती.

या संग्रहातील सर्वाधिक प्रसिद्ध कथा 'जगातील सर्व गोष्टी अनान्सीच्या कशा झाल्या' हे सांगते. आरंभी सर्व गोष्टी आकाशदेव न्यामे याच्या मालकीच्या होत्या. त्या विकत मागणाऱ्या अनान्सीला न्यामेने अजगर, बिबट्या, गांधीलमाश्यांचा थवा आणि एक वनपरी जिवंत पकडून आणण्याची अट घातली. मोठमोठ्या नगरांना ही किंमत परवडली नव्हती. अनान्सीने पत्नी आसो हिच्या सल्ल्याने एकेक अट पूर्ण केली. 'तू लांब की ही फांदी लांब' असा वाद उकरून काढून त्याने अजगराला माडाच्या फांदीशेजारी आडवे पाडले व तिला बांधून टाकले. पाणी शिंपडून पाऊस आल्याचा भास निर्माण करत त्याने गांधीलमाश्यांना आसऱ्यासाठी भोपळ्यात शिरायला लावले. बिबट्यासाठी त्याने खड्डा खणला. वनपरीसाठी त्याने चिकट डिंक फासलेली लाकडी बाहुली केली आणि तिच्या हाती कुस्करलेल्या सुरणाचे खाद्य ठेवले. बाहुली उत्तर देत नाही म्हणून परीने तिला चापट मारली आणि तिचा हात तेथेच चिकटला. न्यामेने आपला शब्द पाळला व तेव्हापासून सर्व गोष्टी अनान्सीच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

दुसरी प्रसिद्ध कथा शहाणपणाच्या मडक्याची आहे. जगातले सगळे शहाणपण एका मडक्यात भरून अनान्सी ते झाडाच्या शेंड्यावर लपवायला निघतो. मडके पोटाशी बांधल्यामुळे त्याला चढता येत नाही. खाली उभा असलेला त्याचा मुलगा न्टिकुमा 'मडके पाठीशी बांधा' असे सुचवतो. सगळे शहाणपण आपल्याजवळ नव्हतेच, हे कळल्यावर अनान्सी संतापतो, मडके फुटते आणि शहाणपण सर्वत्र विखुरते. अनान्सी येथे नायकही आहे आणि हास्याचा विषयही. त्याचे हे दुहेरी रूप संपूर्ण परंपरेत टिकून आहे.

आकान कथनात निवेदक एकटा बोलत नाही. कथा रात्री सांगितल्या जातात. आपण जे सांगणार आहोत ते खरे नव्हे, असे निवेदक प्रारंभीच ठरावीक शब्दांत जाहीर करतो. या मुभेमुळे एरवी ज्यांच्याविषयी उघड बोलता येत नाही अशा राजांची, पुरोहितांची व देवांचीही थट्टा करता येते, असे रॅट्रे यांनी नोंदवले आहे. कथेच्या मध्येच श्रोत्यांपैकी कोणीही गाणे सुरू करू शकतो. या गीतांना 'म्मोगुओ' म्हणतात. ती कंटाळलेल्या श्रोत्यांना जागे करतात, निवेदकाला विसावा देतात आणि कथेवर टीकाही करतात.

अटलांटिकपार प्रवास

गोल्ड कोस्टच्या किनाऱ्यावर युरोपीय सत्तांनी बांधलेल्या किल्ल्यांमधून गुलामांची निर्यात होत असे. पोर्तुगीजांनी इ.स. १४८२ मध्ये बांधलेला एल्मिना किल्ला इ.स. १६३७ मध्ये डचांनी जिंकून घेतला. केप कोस्ट येथील किल्ला पुढे ब्रिटिशांचे मुख्य ठाणे बनला. इतिहासकारांच्या अंदाजानुसार अटलांटिक गुलाम व्यापारात सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी लोकांना जहाजांवर चढवण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख लोक अमेरिका खंडांत जिवंत पोहोचले. उरलेल्यांचा मृत्यू प्रवासातच झाला.

गोल्ड कोस्टवरून आलेल्या गुलामांना ब्रिटिश वसाहतींत 'कोरोमान्टी' म्हटले जाई. हे नाव कोरमान्टिन येथील किल्ल्यावरून पडले. जमैकात त्यांची संख्या मोठी होती. इ.स. १७६० मध्ये टॅकी याच्या नेतृत्वाखाली झालेल्या उठावातही त्यांचाच पुढाकार होता. पळून जाऊन डोंगराळ भागात स्वतंत्र वस्त्या करणाऱ्या व इ.स. १७३९ मध्ये ब्रिटिशांना तह करण्यास भाग पाडणाऱ्या मरून लोकांमध्येही आकान प्रभाव ठळक होता. कजो (सोमवार), क्वाको (बुधवार) अशी वारांवरून ठेवलेली आकान नावे जमैकात दीर्घकाळ प्रचलित होती.

गुलाम म्हणून आणलेल्यांची मालमत्ता, नातीगोती व नावे हिरावली गेली. वेगवेगळ्या भाषा बोलणारे लोक एकाच मळ्यावर ठेवले गेल्याने मूळ भाषांचा दैनंदिन वापर पिढ्यांगणिक कमी झाला. टॅकीच्या उठावानंतर जमैकाच्या विधानसभेने 'ओबीया' या आफ्रिकी धार्मिक व उपचारपद्धतीवर कायद्याने बंदी घातली. रात्री सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींकडे मात्र मळेवाल्यांनी निरुपद्रवी करमणूक म्हणून पाहिले. परिणामी इतर अनेक गोष्टी नष्ट होत असताना कथा टिकून राहिल्या. ज्या समाजाकडे स्वतःचे लिखित दस्तऐवज नव्हते, त्याच्यासाठी या कथा स्मरणाचे एक साधन ठरल्या.

गुयानाचे लेखक विल्सन हॅरिस यांनी इ.स. १९७० मधील आपल्या व्याख्यानांत अनान्सीचा संबंध लिंबो नृत्याशी जोडला. लिंबोमध्ये नर्तक आडव्या काठीखालून शरीर मागे वाकवून, हातपाय पसरून कोळ्यासारखा पुढे सरकतो. गुलामांच्या जहाजांवरील अपुऱ्या जागेची स्मृती या नृत्यात आहे, या समजुतीच्या आधारे हॅरिस यांनी लिंबो व अनान्सी ही दोन्ही आफ्रिका आणि कॅरिबियन यांच्यामधील प्रवेशद्वाराची प्रतीके मानली.

जमैका

कथांमधील बदल

जमैकातील अनान्सी कथांत आकाशदेव न्यामे जवळजवळ दिसेनासा होतो आणि त्याची जागा 'टायगर', म्हणजे वाघ, घेतो. वाघ आफ्रिकेतही नाही व जमैकातही नाही. येथे तो केवळ बलदंड, उग्र व अधिकार गाजवणाऱ्याचे प्रतीक आहे. फिलिप शेरलॉक यांनी इ.स. १९५४ मध्ये प्रकाशित केलेल्या संग्रहातील कथेत गोष्टींना आपले नाव मिळावे म्हणून अनान्सी देवाकडे नव्हे तर टायगरकडे जातो. सापाला जिवंत पकडून आणण्याची अट टायगर घालतो. लांबी मोजण्याच्या बहाण्याने सापाला बांधण्याची युक्ती मूळ आकान कथेतलीच आहे, पण माडाच्या फांदीऐवजी येथे बांबू येतो. देवाशी झालेला सौदा अशा रीतीने दुबळ्याने बलवानावर केलेली मात बनला.

आणखी एका लोकप्रिय कथेत अनान्सी सर्वांना सांगतो की टायगर हा आपल्या वडिलांचा स्वारीचा घोडा होता. संतापलेला टायगर जाब विचारायला येतो तेव्हा अनान्सी आजारी असल्याचे सोंग करतो. मग खुलाशासाठी नेण्याच्या निमित्ताने तो टायगरच्याच पाठीवर बसतो आणि खोगीर, लगाम व चाबकासह गावातून मिरवतो. ऊसमळ्यांवरील श्रोत्यांना या चाबकाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नसे.

अनान्सीचा मुलगा न्टिकुमा जमैकात 'टाकूमा' या नावाने आढळतो, मात्र अनेक कथांत तो मुलाऐवजी शेजारी किंवा मित्र असतो. कथेच्या शेवटी प्राण्याचे एखादे वैशिष्ट्य किंवा जगातील एखादी रीत अनान्सीमुळेच सुरू झाली, असे सांगण्याची पद्धत आहे.

कथनाच्या रीती

अनान्सी कथा दिवसा सांगणे अशुभ मानले जाई. चांदण्या रात्री घरासमोरील अंगणात, तसेच मृत व्यक्तीच्या घरी जागरणाच्या रात्री त्या सांगितल्या जात. मृत्यूनंतरच्या नऊ रात्रींच्या विधीत गाणी, कोडी व खेळ यांबरोबर अनान्सी कथांनाही स्थान होते. सुरिनाममध्येही मृताच्या घरी जमलेल्या लोकांपुढे अनान्सी तोरी सांगण्याची प्रथा नोंदली गेली आहे.

निवेदक प्रत्येक पात्रासाठी आवाज बदलतो. जमैकात अनान्सीला चिरका, बोबडा व नाकातला आवाज देण्याची पद्धत होती. कथेत ठरावीक ठिकाणी गाणे येते व श्रोते त्याचे पालुपद म्हणतात. हे गाणे अनेकदा कथानकातील युक्तीचाच भाग असते, त्यामुळे ते वगळल्यास कथा अपुरी राहते.

कथा संपल्यावर निवेदक 'जॅक मॅन्डोरा' याला उद्देशून, आपण ही गोष्ट निवडलेली नाही, अशा आशयाचे ठरावीक वाक्य म्हणतो. जॅक मॅन्डोरा हा स्वर्गाच्या दाराचा रखवालदार असल्याचे सांगितले जाते. अनान्सीच्या दुष्कृत्यांची जबाबदारी सांगणाऱ्यावर नाही, हे या वाक्यातून सूचित होते. कथा खरी नसल्याची ग्वाही आकान निवेदक प्रारंभी देतो, तर जमैकन निवेदक तशीच सुटका शेवटी करून घेतो.

लेखी नोंदी

इंग्रज लेखक मॅथ्यू ग्रेगरी लुइस यांना जमैकातील मळे वारशाने मिळाले होते. इ.स. १८१५ ते १८१८ दरम्यान त्यांनी बेटाला दोनदा भेट दिली. त्यांच्या मृत्यूनंतर इ.स. १८३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दैनंदिनीत गुलामांकडून ऐकलेल्या 'नॅन्सी स्टोरीज'चा उल्लेख आहे. याच वर्षी १ ऑगस्ट रोजी ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी रद्द करणारा कायदा अमलात आला. प्रत्यक्षात 'उमेदवारी'च्या नावाखाली सक्तीची मजुरी इ.स. १८३८ पर्यंत चालू राहिली.

इ.स. १८९९ मध्ये पामेला कोलमन स्मिथ यांचा अनान्सी कथांचा सचित्र संग्रह प्रसिद्ध झाला. बालपणाचा काही काळ जमैकात घालवलेल्या स्मिथ पुढे टॅरो पत्त्यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध झाल्या. लंडनमध्ये त्या या कथांचे सादरीकरणही करत. वॉल्टर जेकिल यांनी इ.स. १९०७ मध्ये कथांबरोबर शेतकामाची गाणी, रिंगणातील खेळगीते व नृत्याच्या चाली स्वरलिपीसह प्रकाशित केल्या. अमेरिकन लोकसाहित्य अभ्यासक मार्था वॉरेन बेकविथ यांचा संग्रह इ.स. १९२४ मध्ये निघाला. त्यातील संगीताची नोंद हेलन रॉबर्ट्स यांनी केली होती.

हे संग्राहक बहुतांशी बाहेरून आलेले किंवा उच्च वर्गातील होते. कथा त्यांना सांगितल्या गेल्या त्या मूळ मैफलीबाहेर, एकट्यादुकट्या ऐकणाऱ्याच्या गतीने. त्यामुळे छापील पाठात श्रोत्यांचा सहभाग, हावभाव व आवाजातील बदल उतरू शकले नाहीत. तरीही अनेक कथांचे जुने पाठ आज केवळ याच ग्रंथांत उपलब्ध आहेत.

लुईझ बेनेट आणि रंगभूमी

जमैकातील कथापरंपरेला आधुनिक रंगमंच, नभोवाणी व दूरचित्रवाणीवर प्रतिष्ठा मिळवून देण्याचे मोठे श्रेय लुईझ बेनेट-कव्हर्ली (७ सप्टेंबर १९१९ – २६ जुलै २००६) यांना दिले जाते. 'मिस लू' या नावाने त्या ओळखल्या जात. किंग्स्टन येथे जन्मलेल्या बेनेट यांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रमॅटिक आर्टमध्ये शिष्यवृत्तीवर शिक्षण घेतले. त्या काळी शाळेत व सभ्य समाजात केवळ प्रमाण इंग्रजी मान्य होती. बहुसंख्य जमैकन लोकांची मातृभाषा असलेली पॅट्वा (जमैकन क्रिओल) अशुद्ध इंग्रजी समजली जाई. बेनेट यांनी कविता, एकपात्री निवेदन व कथाकथन यांसाठी हेतुतः पॅट्वाच वापरली. त्यामुळे आरंभी त्यांच्या लेखनाला साहित्य म्हणून मान्यता देण्यास अनेकांनी नकार दिला. इ.स. १९६६ मध्ये त्यांचा 'जमैका लाब्रिश' हा कवितासंग्रह व इ.स. १९७९ मध्ये 'अनान्सी अँड मिस लू' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला.

इ.स. १९४१ मध्ये किंग्स्टन येथे स्थापन झालेल्या लिटल थिएटर मूव्हमेंटने नाताळच्या काळात 'पँटोमाइम' सादर करण्यास सुरुवात केली. हा मूळचा ब्रिटिश संगीत-विनोदी नाट्यप्रकार आहे. पहिली नाटके इंग्रजी परीकथांवर आधारित होती. इ.स. १९४९ मध्ये बेनेट व नोएल वाझ यांच्या 'ब्लूबिअर्ड अँड ब्रेर अनान्सी' या नाटकातून युरोपीय कथेत अनान्सीचा प्रवेश झाला. त्यानंतरच्या पँटोमाइममध्ये जमैकन लोककथा, भाषा व संगीत यांचे प्रमाण वाढत गेले. विनोदी अभिनेते रॅनी विल्यम्स यांनी साकारलेला अनान्सी विशेष गाजला. वसाहतकालीन करमणुकीचा एक प्रकार अशा रीतीने स्थानिक कथापरंपरेने आपलासा केला.

इ.स. १९७० पासून सुमारे बारा वर्षे चाललेल्या 'रिंग डिंग' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बेनेट मुलांसमोर कथा सांगत, तसेच मुलांकडून गाणी व गोष्टी सादर करवून घेत. इ.स. १९६२ मध्ये स्वतंत्र झालेल्या देशातील एका पिढीला आपल्या घरातील बोली प्रथमच पडद्यावर मानाने ऐकू आली, असे या कार्यक्रमाविषयी म्हटले जाते. इ.स. २००१ मध्ये त्यांना 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा जमैकाचा सन्मान देण्यात आला. त्यांचे अखेरचे वास्तव्य कॅनडातील टोरांटो येथे होते.

सुरिनाम आणि कुरासाओ

डच वसाहतींत गुलामगिरी १ जुलै १८६३ रोजी रद्द झाली. सुरिनाममध्ये मुक्त झालेल्यांना त्यानंतरही दहा वर्षे सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर काम करावे लागले. तेथील अनान्सी तोरींचा सविस्तर संग्रह मेल्व्हिल व फ्रान्सिस हर्स्कोविट्स यांनी इ.स. १९३६ मध्ये प्रकाशित केला. सुरिनामचे पहिले राष्ट्राध्यक्ष योहान फेरिअर हे स्वतः उत्तम कथाकथनकार होते. त्यांचे अनान्सी कथांचे डच पुस्तक इ.स. १९८६ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध झाले.

कुरासाओ बेटावर या कथा पापियामेंटु भाषेत सांगितल्या जातात. तेथे नान्झीची पत्नी शी मारिया, राजा शोन आरेई व चा टायगर ही पात्रे येतात. 'शोन' हे मळ्याच्या मालकासाठी वापरले जाणारे संबोधन होते. त्यामुळे नान्झीने राजाला फसवण्याच्या प्रसंगात मालकाला फसवण्याचा अर्थही मिसळलेला असतो. लेखिका निल्डा पिंटो यांनी इ.स. १९५२ मध्ये या कथा पापियामेंटुत प्रकाशित केल्या. शालेय शिक्षण डच भाषेत असलेल्या काळात हे पुस्तक स्थानिक भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले.

घानामधील नाट्यरूप

घाना इ.स. १९५७ मध्ये स्वतंत्र झाल्यावर नाटककार एफुआ सदरलँड (१९२४–१९९६) यांनी कथाकथनाच्या परंपरेतून आधुनिक नाट्यप्रकार घडवण्याचा प्रयत्न केला. त्याला त्यांनी 'अनान्सेगोरो' असे नाव दिले. अक्रा येथील घाना ड्रामा स्टुडिओ त्यांच्या पुढाकाराने उभा राहिला. एकुम्फी आत्विया या फान्ते गावात कथाकथनाची सामुदायिक परंपरा जिवंत होती. तेथे त्यांनी गावकऱ्यांच्या सहकार्याने 'कोडझिदान' म्हणजे 'कथागृह' उभारले.

इ.स. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द मॅरेज ऑफ अनान्सेवा' या नाटकात कर्जबाजारी अनान्से आपल्या मुलीचे लग्न एकाच वेळी चार सरदारांशी ठरवून प्रत्येकाकडून भेटी उकळतो. चौघेही येऊ लागल्यावर तो मुलगी मरण पावल्याचे सोंग रचतो. नाटकात निवेदक रंगमंचावर वावरतो आणि प्रसंगांच्या मध्ये म्मोगुओ गीते येतात. त्यामुळे प्रेक्षक केवळ पाहणारे न राहता कथेवर मत देणारे श्रोते बनतात.

ब्रिटन व इतर देशांतील कॅरिबियन समाज

२२ जून १९४८ रोजी 'एम्पायर विंडरश' जहाजातून कॅरिबियन प्रवासी लंडनजवळील टिलबरी बंदरात उतरले. ही घटना ब्रिटनमधील युद्धोत्तर कॅरिबियन स्थलांतराची सुरुवात मानली जाते. नव्या देशात जन्मलेल्या मुलांना शाळेत आफ्रिकी वा कॅरिबियन इतिहास क्वचितच शिकवला जाई. घरातील आजीआजोबांकडून ऐकलेली अनान्सीची गोष्ट हाच अनेकांचा त्या इतिहासाशी पहिला परिचय होता.

इ.स. १९६६ मध्ये लंडनमध्ये एडवर्ड कमाऊ ब्रॅथवेट, जॉन ला रोझ व अँड्र्यू साल्की यांनी कॅरिबियन आर्टिस्ट्स मूव्हमेंटची स्थापना केली. ब्रॅथवेट यांनी अनेक वर्षे घानामध्ये नोकरी केली होती. त्यांच्या 'आयलंड्स' (१९६९) या काव्यग्रंथात अनान्सीवर एक कविता आहे. साल्की यांनी 'अनान्सीज स्कोअर' (१९७३) या संग्रहात अनान्सीला समकालीन राजकारण व शहरी जीवनात आणले. जेम्स बेरी यांचे बालवाचकांसाठीचे पुनर्कथन इ.स. १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या ग्रंथपाल ग्रेस हॉलवर्थ यांनी इंग्लंडमधील ग्रंथालयांत कथाकथनाचे कार्यक्रम रुजवले.

ब्रिटनमध्ये इ.स. १९८७ पासून ऑक्टोबर महिन्यात साजरा होणाऱ्या 'ब्लॅक हिस्टरी मंथ'च्या निमित्ताने शाळा, ग्रंथालये व संग्रहालयांत अनान्सी कथांचे कार्यक्रम होतात. जमैकात अमिना ब्लॅकवूड मीक्स यांनी स्थापन केलेली 'न्टुकुमा' ही संस्था कथाकथनाच्या प्रसाराचे काम करते. तिचे नाव अनान्सीच्या मुलावरून घेतलेले आहे. टोरांटोच्या हार्बरफ्रंट सेंटरमध्ये लुईझ बेनेट यांच्या नावाने मुलांसाठी एक दालन आहे.

लोकप्रिय साहित्यात गेल हेली यांच्या 'अ स्टोरी, अ स्टोरी' (१९७०) या चित्रपुस्तकाला कॅल्डेकॉट पदक मिळाले. नील गेमन यांच्या 'अमेरिकन गॉड्स' (२००१) व 'अनान्सी बॉइज' (२००५) या कादंबऱ्यांमुळे हे पात्र जगभरच्या वाचकांना परिचित झाले.

मूल्यमापन आणि वाद

अनान्सी खोटे बोलतो, मित्रांना फसवतो, भुकेल्या कुटुंबाचेही अन्न पळवतो. म्हणून तो मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवावा का, हा वाद जमैकात वारंवार होतो. फसवणूक करून पुढे जाण्याच्या वृत्तीला तेथे 'अनान्सीइझम' असा शब्दही आहे. टीकाकारांच्या मते गुलामगिरीत जगण्यासाठी आवश्यक ठरलेली लबाडी स्वतंत्र समाजात घातक आहे.

याउलट अभ्यासक एमिली झोबेल मार्शल यांनी इ.स. २०१२ मधील ग्रंथात अनान्सीकडे सांस्कृतिक प्रतिकाराचे प्रतीक म्हणून पाहिले आहे. मळ्यांवरील गुलाम कामात टाळाटाळ करणे, अज्ञानाचे सोंग घेणे व गोड बोलून वेळ मारून नेणे अशा मार्गांनी मालकाचा विरोध करत. अनान्सीच्या युक्त्या याच वर्तनाशी जुळतात. तथापि अनान्सी केवळ बलवानांनाच फसवतो असे नाही. स्वतःपेक्षा दुबळ्यांनाही तो लुबाडतो आणि बऱ्याचदा स्वतःच्याच जाळ्यात अडकतो. त्यामुळे त्याला निव्वळ वीर किंवा निव्वळ खलनायक ठरवणे परंपरेशी विसंगत आहे. कथा सांगून झाल्यावर जबाबदारी झटकणारे समारोपाचे वाक्य पाहता, श्रोत्यांनाही या नैतिक संदिग्धतेची जाणीव होती असे दिसते.

दुसरा वाद उगमाविषयीचा आहे. चिकट बाहुलीचा प्रसंग आकान कथेप्रमाणेच अमेरिकेतील सशाच्या 'टार बेबी' कथेत व इतरत्रही आढळतो. लोकसाहित्य अभ्यासक जोसेफ जेकब्स यांनी त्याचे मूळ बौद्ध पंचावुध जातकात शोधले. त्या जातकात राजपुत्र आपल्या आयुधांनी व हातापायांनी चिकट केसांच्या यक्षावर प्रहार करतो आणि त्याला चिकटून बसतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या कथांचे मूळ मात्र पश्चिम आफ्रिकेत असल्याचे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे.

तिसरा प्रश्न माध्यमाचा आहे. वीज, दूरचित्रवाणी व शहरीकरण यांमुळे रात्रीच्या अंगणातील कथनाची जागा पुस्तके व रंगमंचीय कार्यक्रमांनी घेतली. बालवाचकांसाठीच्या आवृत्त्यांत क्रौर्य, मृत्यू व मालक-गुलाम संबंधांचे संदर्भ अनेकदा गाळले जातात. असे पुनर्कथन परंपरा टिकवते की तिचा आशय सौम्य करते, याविषयी मतभेद आहेत. सादरीकरण करणारे कलावंत यावर उपाय म्हणून प्रश्नोत्तरे, पालुपदे व क्रिओल भाषेचा वापर करून श्रोत्यांना पुन्हा कथेत सहभागी करून घेण्यावर भर देतात.

प्रतीके

घानामधील आदिंक्रा चिन्हांमध्ये 'अनान्से न्टोन्टान', म्हणजे कोळ्याचे जाळे, या चिन्हाचा समावेश आहे. ते शहाणपण, सर्जनशीलता आणि जीवनातील गुंतागुंत यांचे द्योतक मानले जाते. अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणाऱ्या आफ्रिकन वंशाच्या समाजाचे रूपक म्हणूनही अनेक लेखक व कलावंतांनी या जाळ्याच्या प्रतिमेचा उपयोग केला आहे.

हेही पाहा

आकान लोक
अटलांटिक गुलाम व्यापार
लुईझ बेनेट-कव्हर्ली
एफुआ सदरलँड
जमैकन क्रिओल
जातककथा